ब्रेकवर बसायला माणूस

“रविवारी येतोस ना मग?”

“येतो म्हटलं ना. पण मला त्यातलं काय कळतं?”

“कळायचं काही नाहीये. सीटवर बसायचं आणि मी सांगेपर्यंत ब्रेक दाबून धरायचा. दादा, जन्मभर बसून लिहितोस, एक दिवस माझ्यासाठी बस.”

शुक्रवारची सकाळ होती. माझा धाकटा भाऊ पराग कामावर निघता निघता फोनवर बोलत होता. मागून त्याची बायको हेमांगी डबा राहिला म्हणून ओरडत होती. मी हसलो आणि फोन ठेवला.

दुपारी गॅसची टाकी आली. टाकीवाला म्हणाला, सील बघून घ्या. मी वाकून सील बघत होतो, तेव्हा पुन्हा फोन वाजला. परागच्या कारखान्यातून होता. जेवण झाल्यावर तो बाहेरच्या बाकावर टेकला होता. तिथून तो उठला नाही.

टाकीवाला दारात उभाच होता.

मी त्याला म्हणालो, “सील ठीक आहे.”

पुढचं सगळं मीच पाहिलं. दवाखाना, नातेवाईक, दहावा, तेरावा. मोठ्या भावानं निभावून नेलं, असं लोक म्हणाले. मलाही ते खरं वाटलं. रडायला सवड नव्हती, आणि नंतर सवड झाली तेव्हा रडणं आलं नाही.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर हेमांगी मला पोर्चमध्ये घेऊन गेली.

तिथं परागची गाडी होती. लाल, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. शर्यतीच्या हौशीनं बनवलेली, वयानं परागहून मोठी. कुणाच्या तरी गोदामात कोंबड्या बसायच्या तिच्यात. तिथून त्यानं ती आणली होती आणि सुट्टीच्या दिवशी घरीच दुरुस्त करत बसायचा.

आता तिची मागची एक बाजू लोखंडी घोडीवर उचललेली होती. उजवं चाक काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. चाकावर परागचा जुना शर्ट, हात पुसायचा.

“एवढाच शाफ्ट बसवायचा राहिला होता म्हणे,” हेमांगी म्हणाली.

इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, तो ड्राइव्हशाफ्ट. जुना खिळखिळा झाला होता. नवा मिळवायला परागनं कुठं कुठं माणसं जोडली होती. तो आल्याच्या दिवशी त्यानं मला दांड्याचा फोटो पाठवला होता, लोक बाळाचा पाठवतात तसा.

“दादा, मी महिनाअखेर साताऱ्याला जातेय, आईकडे. काही दिवस तरी.”

“जा. बरंच आहे.”

“जायच्या आधी ही पुरी करा. नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. पण अशी अर्धवट नका ठेवू. सकाळी दार उघडलं की वाटतं, आत्ता खालून सरपटत बाहेर येईल आणि चहा मागेल.”

“मी करतो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही?”

“करतो म्हटलं ना.”

मग मी वाचायला बसलो. मला वाचनातून सगळं येतं असा माझा समज आहे, आणि तो फारसा खोटा ठरलेला नाही. पुस्तकं पाहिली, चित्रफिती पाहिल्या. परागच्या गाडीखाली शिरून एकेक बोल्ट हात लावून तपासला. त्यानं जवळजवळ सगळं केलेलं होतं. शाफ्ट आत बसवला होता, आतल्या बाजूचे बोल्ट आवळले होते. चाकाच्या मधोमध शाफ्टच्या टोकावर जो एक मोठा नट येतो, तेवढा हातानं फिरवून ठेवलेला होता. तो रविवारसाठी.

एकच गोष्ट विचारायची होती. म्हणून मी भिंगारला उजागरे मास्तरांकडे गेलो.

उजागरे मास्तर लष्कराच्या वाहनशाळेत शिकवत. निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला. पराग शाळकरी असल्यापासून त्यांच्या मागे लागलेला. परागच्या अंत्ययात्रेला ते आले होते. एका कडेला टोपी हातात धरून उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले.

ते अंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत होते.

“मास्तर, तो मोठा नट किती आवळायचा?”

“आधी बस.”

मी बसलो. “चाकाच्या मधला नट. बाकी सगळं त्यानं करून ठेवलंय. एवढा एकच राहिलाय.”

“तुझा भाऊ पहिलं वर्षभर माझ्याकडे नुसती बॅटरी धरून उभा राहिला. दुसऱ्यांच्या कामावर उजेड पाडायचा. तू आलास तो थेट नट मागतोस.”

“मला मेकॅनिक व्हायचं नाहीये, मास्तर. मला ते काम संपवायचंय.”

“हं… संपवायचंय.” त्यांनी एक शेंग फोडली. दाणे खवट निघाले, ते कोंबडीला टाकले. “नट कोण आवळणार?”

“मी.”

“आणि ब्रेकवर कोण?”

“कुणी नाही. ब्रेकच्या पेडल आणि सीटच्या मधे लाकूड अडकवायचं. ब्रेक दाबलेला राहतो, चाक फिरत नाही, आपण खुशाल नट आवळायचा. माणूस लागतच नाही. मी वाचलंय सगळीकडे.”

मास्तरांचे हात थांबले.

“एकट्यानं होतं म्हणतोस…”

“होतं.”

“हुशार आहेस.”

मला ते बरं वाटलं.

“माझी चप्पल बघ कुठंय ती,” ते म्हणाले. “येतो मी.”

पोर्चमध्ये त्यांनी स्टूल मागितलं आणि उघड्या चाकाच्या जागेशी बसले. नव्या शाफ्टवरून बोट फिरवलं. परागचा शर्ट चाकावरून उचलला, घडी केली, मांडीवर ठेवला.

“चाक चढव.”

मी चढवलं.

“आता गाडी खाली घे. घोडीवर असताना जोर लावायचा नाही, कलंडते.”

जॅक लावून मी घोडी काढली आणि गाडी हळूहळू खाली घेतली. चाक जमिनीला टेकलं तेव्हा गाडीनं एक लहानसा उसासा टाकला. आतून हेमांगी दारात आली. गाडी चारही चाकांवर पाहून ती तिथंच थांबली, मग म्हणाली, “चहा टाकते.”

मी लांब दांड्याचा पाना काढला आणि भिंतीला टेकवून तयार ठेवला. घरून लाकूड कापून आणलं होतं, ते घेऊन गाडीच्या दाराशी वाकलो. एक टोक पेडलला, दुसरं सीटला. बसेना. दाबून बसवलं तर सटकून माझ्याच मनगटावर आलं.

“लांब आहे,” मास्तर म्हणाले.

“थोडं कापतो.”

“नको कापू.”

ते उठले. भिंतीवर खिळ्यांना परागची हत्यारं टांगलेली होती. करवतीच्या मागे हात घालून त्यांनी एक दांडकं काढलं. सागवानी, हातभर लांबीचं, धरून धरून काळं पडलेलं. एका टोकाला खाच पाडलेली, दुसऱ्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, सीट फाटू नये म्हणून.

त्यांनी वाकून ते आत लावलं. खाच पेडलवर बसली. रबर सीटला टेकलं. किल्ली कुलपात जावी तसं.

मी ब्रेकचं पेडल पाहिलं. पूर्ण दाबलेलं होतं.

“हे काय आहे?”

“लाकूड.”

“ते कळलं. कुणाचं?”

“या गाडीचं. परागनं माझ्या अंगणात बसून कापलंय. दोनदा तासलं, तेव्हा मापात आलं.” त्यांनी डाव्या चाकाकडे बोट केलं. “गेल्या दिवाळीत पलीकडचा शाफ्ट बदलला ना त्यानं. याच्यावरच बदलला.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं.”

मी दांडक्याकडे पाहत राहिलो. मग भिंतीकडे. करवतीच्या मागे त्याच्या आकाराचा एक पांढरा पट्टा राहिला होता, बाकी भिंत धुरकटलेली.

“मग त्याला रविवारी…”

मी पुन्हा मास्तरांकडे वळलो.

“मग त्यानं मला कशाला बोलावलं?”

मास्तरांनी दांडकं काढून घेतलं. पेडल वर आलं. त्यांनी ते परत नेऊन करवतीच्या मागे टांगलं आणि स्टुलावर येऊन बसले.

“बस आत.”

“मास्तर, नट मी आवळणार आहे. तुम्ही फक्त सांगा…”

“तुला त्यानं पान्यावर बोलावलं होतं का?”

“नाही.”

“मग?”

मी आत बसलो. बसलो कसला, पडलो. ती सीट एवढी खाली की माणूस उभा असतो तिथून थेट जमिनीत गेल्यासारखा वाटतो. पराग माझ्याहून उंच होता. त्याची सीट त्याच्या पायाच्या मापानं मागे सारलेली होती.

“सीट पुढं घेऊ का?”

“पाय पोचतोय का?”

मी खाली घसरलो. “पोचतोय.”

“मग राहू दे. दाब.”

मी दाबला. समोर काचेवर आतल्या बाजूनं कुणाच्या तरी बोटाचा ठसा होता. मागे मास्तर काही करत असतील, आता पाना लागेल, आता नट करकरेल, म्हणून मी कान देऊन बसलो.

काहीच आवाज आला नाही.

“मास्तर?”

“धर.”

मी धरला.

“लावलात का पाना?”

“तो घाई करायचा नाही,” मास्तर म्हणाले. “धरून ठेव.”

मी धरून ठेवला. पेडल जड होतं. जुन्या गाड्यांची असतात तशी. थोडं ढिलं सोडलं की पायाला वर ढकलायचं, म्हणून मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडलं आणि पाठ सीटला रेटली. सीटला तेलाचा, घामाचा, त्याच्या त्या स्वस्त पावडरीचा वास होता. मी त्याला त्या पावडरीवरून लहानपणापासून चिडवत आलो होतो. देवळातला पुजारी वाटतोस म्हणायचो.

हेमांगी चहाचे कप घेऊन दारात आली. माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग कप उंबऱ्यावर ठेवून तिथंच पायरीवर बसली.

“दादा, काय करताय?” तिनं हळूच विचारलं.

“ब्रेक दाबतोय.”

तिनं पदर तोंडाशी नेला.

माझी पोटरी थरथरायला लागली. मला वाटलं, थकली. पाय बदलावा, पण मग पेडल सुटेल, आणि तो म्हणाला होता, मी सांगेपर्यंत. मी तसाच दाबत राहिलो. थरथर गुडघ्यात आली. मग मांडीत. मग ती वर चढत गेली आणि ती पायाची आहे असं म्हणता येईना. माझ्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी ओळखला नाही. पायरीवरून हेमांगीचा तसाच आवाज आला.



मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. ब्रेक सोडला नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. उंबऱ्यावरच्या चहावर साय धरली होती. कुठंतरी शेजारी कुकरची शिट्टी झाली. मी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि नेहमीच्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला.

“मास्तर… झालं का?”

मी दाराबाहेरच्या आरशात पाहिलं. चाक दिसत होतं. चाकाशेजारी स्टुलावर मास्तर बसले होते, दोन्ही हात मांडीवरच्या शर्टावर. पाना मी भिंतीला टेकवून ठेवला होता, तिथंच टेकलेला होता.

आरशातच त्यांची माझी नजर भेटली.

“काढ आता पाय,” मास्तर म्हणाले. “नट अजून सैल आहे.”