मुक्या 'के'ची गाठ

सांगा सांगा म्हणून डोकं खाल्लंत, म्हणून सांगतो. मधे कुणी बोलायचं नाही.

फार मागं धार लावणाऱ्या रसूल शिकलगाराच्या दुकानावर इंग्रजीत 'नाइफ' लिहिलं होतं, म्हणजे चाकू. पत्र्याची पाच अक्षरं एका तारेत ओवलेली. पहिला 'के' लिहायचा, पण उच्चारायचा नाही.

"पूर्वी माझाही उच्चार करायचे," तो पुटपुटला.

"आता नुसती जागा अडवतोस," शेवटची 'ई' म्हणाली. सगळे हसले.

'के'ला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून तो तारेतून निसटला. तारेची गाठ त्याच्याच भोकाशी मारलेली. मागोमाग चौघंही चिखलात पडली.

रसूलनं पुसून आधी 'के'लाच ओवलं. तरी त्याची मान अजून खालीच आहे. तिघांनी माफी मागितली. राहिली एकच, जी स्वतःही मुकीच आहे, ती 'ई'.