बारा पिनांतली एक

"आणि लेसरचा किरण मधेच अडखळला तर?"

उस्ताद दस्तगीर शिकलगारांनी विचारलं.

सुधन्वा बोलता बोलता थांबला.

पोलादाला पाणी द्यायला तो याच भात्यापाशी शिकला होता. मग लेसरचं यंत्र शिकला. "तुमचा भाता म्हातारा झाला, उस्ताद," असं म्हणून निघून गेला. त्याला चार वर्षं झाली. आज सकाळीच न बोलावता आला होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"लेसरचा किरण पोलादावरून सरकत जातो," त्यानं पुन्हा सुरुवात केली. "वरची कातडी क्षणभर लाल होते. किरण पुढे गेला की आतलं थंड पोलाद ती धग ओढून घेतं. पाणी नको, तेल नको. वरचा थर टणक, गाभा चिवट..."

"मी ते विचारलं नाही."

"अडखळला, तर तिथलं पोलाद वितळतं. थिजताना भेग पडू शकते. केसाएवढी."

"अडखळला?"

"एकदाच. विजेचा दाब पडला. दोन-तीन सेकंद."

"मग?"

"रोपवेची ती पीन घासून चकचकीत केली. कडकपणा मोजला, बरोबर भरला. बाकीच्या अकरांत ठेवून दिली."

"भेग तपासलीस?"

"नाही."

अंगणासमोरच डोंगर होता. पायथ्यापासून देवळापर्यंत नवा रोपवे. तारेवर बारा पाळणे, एकेका पिनेवर एकेक लटकलेला. अकरा वाजता उद्घाटन. पहिल्या फेरीचा मान गावातल्या म्हाताऱ्या बायांना.

"ती पीन कुठल्या पाळण्याला?"

"माहीत नाही, उस्ताद. सगळ्या पिना सारख्याच दिसतात. कदाचित काहीच होणार नाही. भेग नसेलही. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही... तुम्ही एकदा म्हणा, काही होणार नाही."

उस्ताद उठले. पायात चपला सरकवल्या.

"चल."

"कुठं?"

"पहिल्या फेरीला. त्या बायांबरोबर आपण दोघंही बसू. पाळणा तू निवड."

सुधन्वानं वर पाहिलं. पहिला पाळणा. दुसरा. तिसरा... प्रत्येकापाशी नजर अडकली, आणि तिथून घसरली. बाराव्यानंतर ती पुन्हा पहिल्यावर आली.

उस्ताद हात पुढे करून उभे होते.

त्याला उठता येईना.

खाली बँड वाजू लागला. तार थरथरली. रिकामे पाळणे हळूहळू सरकू लागले. नव्या लुगड्यांतल्या बाया फाटकापाशी रांगेत उभ्या होत्या. एकीनं वर बघून हात जोडले.

सुधन्वानं फोन काढला. तो हातातून पडला. उस्तादांनी उचलून दिला नाही. त्यानंच गुडघ्यावर बसून उचलला.

"जोगळेकर, रोपवे बंद करा. आत्ताच्या आत्ता. एकही माणूस बसवू नका... नाही, तुमची नाही, चूक माझी आहे. एक पीन खराब असावी. मला माहीत होतं. बाराही उतरवा."

बँड मधेच तुटला. पाळणे जागच्या जागी झुलत राहिले. खालून आरडाओरडा ऐकू येऊ लागला.

सुधन्वा जमिनीवरच बसून राहिला.

"संपलो मी, उस्ताद. उद्यापासून सगळा गाव हसेल मला."

उस्तादांनी चपला काढल्या.

"हसू दे की... हसायला आहेत ना सगळे."