काळ्या फरशीवरचा पहारा

एका राज्यात, जिथे राजाला बसायला सिंहासन होते आणि बाकी साऱ्यांना उभे राहायला काळी फरशी, तिथे केतकी नावाची द्वारपालिनी होती. उगवतीपासून मावळतीपर्यंत दरबाराच्या दारात उभे राहायचे, हे तिचे काम. आधी ते तिची थोरली बहीण जाई करत असे. जाई अजूनही दारातच होती, पण तिच्या आधीच्या पहारेकऱ्यांसारखी पाषाण होऊन.

त्याचे असे झाले. धवलसेन महाराजांच्या आजोबांनी कर्कोट मांत्रिकाला एकदा दिवसभर ताटकळत ठेवले. बस म्हणायचे कुणाला सुचले नाही. सुजल्या पायांनी निघताना त्याने शाप दिला, की या दारात पहारा नसेल त्या दिवशी राज्यातली तळी आटतील, आणि जो पहारा देईल त्याचे पाय हळूहळू दगड होतील. उःशाप त्याच्या गुहेत होता. तिथे जोड्यांचे तीन जोड ठेवलेले. ज्याचा पाय त्याचा खरा जोड वेगळा. तो ओळखून जो दारात दिवसभर न विव्हळता उभा राहील त्याच्या पायी साऱ्यांचाच शाप फिटणार होता. चुकेल तो मावळतीला पुरता पाषाण.

जाईने एक जोड निवडला होता. प्रातःकाळच्या मुहूर्तावर, गुहेच्या तोंडाशी पाट मांडून, दुधाने पाय धुऊन राजज्योतिषींनी तिच्या पायांत जोड चढवला होता. राजघराण्याची रीतच तशी. जोड अगदी मापात बसला, सारे वाहवा म्हणाले. दुपारी तो चावू लागला आणि तिसऱ्या प्रहरी जाई विव्हळली.

केतकीचे पाय रोज दुखत, तोवर ती निर्धास्त होती. एके दिवशी डावी करंगळी दुखायची थांबली. केतकीने वाकून पाहिले तर ती काळी, गार आणि टणक. ती घाबरली, पण घाबरून बसायला तिथे जागा कुठे होती? तिने सरळ महाराजांपुढे जाऊन गुहेत जाण्याची आज्ञा मागितली. ज्योतिषींनी लगेच पंचांग उघडले.

"मुहूर्त नको, महाराज," केतकी म्हणाली. "मी पहारा संपवून मावळतीला जाईन."

"थकल्या सुजल्या पायांनी कुणी जोडे पाहते काय?" ज्योतिषी म्हणाले.

"उभे त्याच पायांनी राहायचे आहे."

यावर महाराजांनी होकाराची मान डोलावली.

गुहेच्या तोंडाशी टिटवी राखण करी. आभाळ पडले तर झेलता यावे म्हणून ती पाय वर करून झोपते, तेव्हा पायांच्या बाबतीत तिचा अधिकार मोठा. तिने विचारले, "बसून पाहणार की उभी राहून?"

"उभी राहून. आणि चालून."

टिटवी बाजूला झाली. पहिला जोड जरीचा, झगमगीत. त्यात बोटे एकमेकांवर चढली. केतकीने तो तिथेच ठेवला. दुसरा मखमली. पाऊल लोण्यात रुतावे तसे रुतले आणि हाच घ्यावा असे तिला फार वाटले. तरी ती बाहेर खडकावर चालून आली. टाच डुगडुगली, आणि खडक तळव्याला जसाच्या तसा लागला. तिसरा म्हशीच्या कातड्याचा, जाड तळाचा, रूपाने अगदीच ओबडधोबड. त्याने टाच घट्ट धरली, तळव्याच्या खळग्याला खालून आधार दिला, आणि पुढे बोटे हलवायला अंगठ्याएवढी जागा ठेवली. केतकी तोच जोड घालून घरी आली.

सकाळी पायांची सूज उतरली आणि जोड ढिला झाला. ज्योतिषींना तेवढेच हवे होते. केतकीने बंद आवळले आणि दुपारपर्यंत थांबायची त्यांना विनंती केली. दुपारी पाय फुगले, तेव्हा तिने बंद सैल सोडले. तिसऱ्या प्रहरी सारा दरबार कान टवकारून होता. तिने एकदा जाईकडे पाहिले आणि पुन्हा ताठ उभी राहिली.

सूर्य टेकला आणि तिच्या डाव्या करंगळीत सणसणून कळ आली. मेलेले बोट दुखू लागले होते. केतकी विव्हळली नाही. तिला हसूच आले. सूर्य बुडाला. फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली, आणि दारातल्या पाषाणांच्या पापण्या हलल्या.

"केतके," जाई म्हणाली, "पाय फार दुखताहेत गं."

एवढे गोड गाऱ्हाणे केतकीने जन्मात ऐकले नव्हते. बहिणीला मिठी मारून ती रडली. मग तिला कुठे बसवावे म्हणून इकडेतिकडे पाहू लागली, तर दरबारात बसायला एकच आसन.

महाराज सिंहासनावरून उठले. त्यांनी जाईचा हात धरून तिला तिथे बसवले, आणि तडकल्या फरशीवर स्वतः उभे राहून साऱ्यांसाठी आसने करायला सुतारांना बोलावणे धाडले. जाईचे पाय जसे निवाले, तसे दिवसभर उभे राहणाऱ्या साऱ्यांचे निवोत.