‘मा माथी’चा अर्थ

फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. नगरात न्यायसभा होती आणि न्यायसभेत एक दुभाषी होता.

डोंगरावरचे लोक रंगानं काळेभोर, त्यांची बोलीही वेगळी. नगरात काही चोरीला गेलं, कुठं आग लागली, की बोटं आधी डोंगराकडे वळत. मग तिथल्या कुणाला तरी धरून आणत. तो आपल्या बोलीत काही सांगे, दुभाषी ते नगराच्या भाषेत सांगे आणि न्यायाधीश निकाल देत.

ही बोली दुभाषी बाजारात मोळी विकायला येणाऱ्यांकडून शिकला होता. न्यायसभेत काम करू लागल्यापासूनच्या आठ वर्षांत तो डोंगर एकदाही चढला नव्हता.

एकदा नगराच्या धान्यकोठाराला आग लागली. जवळच सोमी नावाची डोंगरावरची बाई सापडली. न्यायसभेत तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “मा माथी.”

“माझ्या माथी, असं म्हणतेय,” दुभाष्यानं सांगितलं. “म्हणजे गुन्हा कबूल आहे, महाराज.”

याआधीही अनेकांनी हेच दोन शब्द उच्चारले होते आणि त्यानं हाच अर्थ सांगितला होता. न्यायाधीशांनी चार दिवसांनी शिक्षा सुनावायचं ठरवलं.

मधल्या काळात दुसऱ्या एका खटल्याचा हुकूम पोचवायला दुभाष्याला डोंगरावर जावं लागलं. तो वस्तीत शिरला, तोच मध काढणारा एक माणूस झाडावरून खाली पडला. त्याचा पाय मोडला. माणसं धावली. एकेकानं कपाळाला हात लावला. “मा माथी.” “मा माथी.” झोपडीतून काठी टेकत आलेली एक आंधळी म्हातारीसुद्धा तेच म्हणाली.

दुभाषी गोंधळला. “आजी, तू तर घरात होतीस. तू कसं पाडलंस त्याला?”

“मी कशाला पाडीन?” म्हातारी म्हणाली. “त्याला दुखतंय. त्यातलं थोडं माझ्या माथी यावं, म्हणून म्हणायचं. तुमच्याकडे काय म्हणतात रे?”

दुभाषी डोंगर उतरू लागला. तुरुंगात गेलेला एकेक चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे येत होता. त्यांनी गुन्हा कबूल केलाच नव्हता. ज्याचं नुकसान झालं, त्याच्यासाठी ते हळहळले होते!

तो थेट ज्येष्ठ वकिलाच्या घरी गेला. न्यायसभेत राजाच्या बाजूनं, आरोपीविरुद्ध, हाच वकील बोलत असे. सगळं ऐकून वकिलानं आधी दार लावून घेतलं.

“हे आणखी कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“मग सांगूही नकोस. आठ वर्षांचे निकाल उकरलेस तर न्यायसभेवर कोण विश्वास ठेवेल? आणि चुकीचा अर्थ सांगणाऱ्या दुभाष्याला काय शिक्षा असते, ते ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. तुरुंगच.

त्यानंतर दुभाष्याला अन्न गोड लागेना. बायकोनं विचारलं तर तो पोट बिघडलंय म्हणाला. रस्त्यात शिपाई दिसला की तो दुसऱ्या गल्लीत वळे. गप्प राहावं तर सोमी आत जाणार, बोलावं तर आपण. घरात दोन लहान मुली होत्या. त्यांच्याकडे पाहिलं की त्याचा निश्चय विरघळून जाई.

चौथ्या दिवशी सभा भरली. न्यायाधीश म्हणाले, “हिला दहा वर्षांची कैद. समजावून सांग तिला.”

दुभाषी उभा राहिला. समोर ज्येष्ठ वकील त्याच्याकडे रोखून पाहत होता. दुभाषी सोमीकडे वळला आणि आठ वर्षांत कुणालाच न विचारलेला प्रश्न त्यानं तिच्या बोलीत विचारला.

“आग तू लावलीस?”

सोमी चकित झाली. “नाही! मी तर विझवायला धावले. हे बघ.” तिनं हात पुढे केले. दोन्ही तळवे भाजलेले होते. ते कुणी पाहिलेच नव्हते.

मग दुभाष्यानं अडखळत, थांबत सगळं सांगून टाकलं. सभेत एकच गलका झाला. “याला आधी बांधा!” कुणीतरी ओरडलं.

न्यायाधीशांनी हात वर करून गलका थांबवला. मग म्हणाले, “बांधायचं तर मलाही बांधा. दोन शब्दांवर मी माणसं तुरुंगात घातली. पुन्हा एकदा नीट विचारावं, असं मला कधी वाटलं नाही.”

त्यांनी सोमीला सोडलं. दुभाष्याला तुरुंगात घातलं नाही, पण त्याचं काम गेलं. त्याच्या जागी डोंगरावरचाच माणूस नेमायचं ठरलं. सोमी मात्र जागची हलली नाही.

“बाकीच्यांचं काय?” तिनं विचारलं.

दुभाष्यानं प्रश्न सांगितला. ते त्याचं शेवटचं भाषांतर. वकील एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी ज्येष्ठ वकील सावकाश उठला. “त्यातले बरेच निकाल माझ्या बोलण्यावर लागलेत,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “ते मी उघडतो.”

कामाला सारा उन्हाळा लागला. वकील डोंगरावर जाऊन राहिले, बोली शिकले, साक्षी नव्यानं ऐकल्या. अकरा माणसं सुटून घरी गेली. बारावा लखम्या. तो दोन वर्षांपूर्वीच तुरुंगात मरण पावला होता.

त्याचा नवा निकाल घेऊन न्यायाधीश स्वतः डोंगर चढून गेले. लखम्याच्या आईपुढे उभं राहून त्यांनी तो वाचला. “लखम्या निर्दोष होता.”

आईनं तो शेवटपर्यंत ऐकला.

“हे मला कशाला सांगता?” ती म्हणाली. “मला ठाऊकच होतं. जिथं दवंडी पिटून त्याला चोर म्हणालात, तिथं जाऊन वाचा.”

दुसऱ्या दिवशी भर बाजारात दवंडी झाली. न्यायाधीशांनी तो निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. तो संपेपर्यंत नगरात एकाही दुकानदारानं तराजू उचलला नाही.

तात्पर्य: ज्याची भाषा आपण कधी समजून घेतली नाही, त्याचा न्याय करायला बसू नये, आणि चूक कळली, तर ती जितक्या लोकांसमोर केली तितक्यांसमोरच सुधारावी.