देवदाराच्या तुकड्यांचे राज्य

एका राज्यात, जिथे डोंगर ढगांत बुडालेले असत आणि नदी किल्ल्याला वळसा घालून वाहत असे, तिथे वज्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. चीनच्या सम्राटाने त्याला एक चित्र भेट दिले होते. रेशमावर काळ्या शाईने काढलेले डोंगर, नदी, एक नाव, एक सारस आणि मधोमध कोरे, पांढरे धुके. ते चित्र ज्या राज्यात टांगले जाई, त्या राज्याचे रूप त्याच्याशी बांधले जाई.

धूम्राक्ष नावाच्या जादूगाराने ते चित्र मागितले. राजाने नाही म्हटले. तेव्हा धूम्राक्षाने ते रेशीम भिंतीवरून ओढून काढले, देवदाराच्या फळीवर चिकटवले, मंतरलेल्या करवतीने फळीचे वेडेवाकडे तुकडे केले आणि भर दरबारात उधळले. त्याबरोबर राज्यही विस्कटले. बाजारपेठ कड्याला लटकली. नदी घोड्यांच्या पागेत शिरली. आई एका डोंगरावर, तर लेकरू दुसऱ्यावर. तीन तुकडे मुठीत धरून जादूगार निघून गेला, आणि त्यांतल्या एकात राजा अडकला.

राजकन्या मेघावती जमिनीवर बसून तुकडे जुळवू लागली. शेजारच्या राजाची मदत मागावी, असे प्रधानांनी विनवले.

ती म्हणाली, "आमचे राज्य आम्हीच जुळवू."

दोन तुकडे नीट बसले की दोन गावे पुन्हा शेजारी येत. बाजारपेठ खाली उतरली, नदी आपल्या पात्रात गेली, लेकरे आयांच्या कुशीत आली. शेवटी तीनच जागा रिकाम्या उरल्या. तेव्हा चित्रातला सारस मान वळवून बोलला. शिखराचा तुकडा नागाकडे, नावेचा यक्षिणीकडे आणि धुक्याचा खुद्द धूम्राक्षाकडे आहे, असे त्याने सांगितले.

नागासमोर जो नजर खाली करी, तो दगड होई. मेघावतीने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. अखेर नागानेच फणा खाली घातला, आणि तिने शिखर उचलले.

सरोवरातल्या यक्षिणीने तिला पाण्यात एक सोन्याचे राज्य दाखवले. त्यात काहीही तुटलेले नव्हते. आपले अर्धवट राज्य देऊन हे घे, असे ती म्हणाली.

"ते सुंदर आहे," मेघावती उत्तरली, "पण माझे नाही."

यक्षिणीने मान लववून नावेचा तुकडा तिच्या ओंजळीत ठेवला.

धूम्राक्षाने मात्र तिच्यापुढे कोऱ्या तुकड्यांची रास ओतली. सगळे पांढरे, सगळे सारखे.

"यातला एकच खरा. चुकलीस तर तूही लाकूड होशील. आणि त्या तुकड्यात आहे तरी काय?"

"त्या धुक्यात माझे वडील आहेत."

मेघावतीने डोळे मिटले. त्या रिकाम्या जागेची कड तिने जुळवताना कितीदा तरी बोटांनी चाचपली होती. एकेक तुकडा चाचपत ती बाजूला ठेवू लागली. एका तुकड्यावर तिचे बोट थांबले. तिने मूठ मिटली. तुकडा खरा निघताच जादूगाराची करवत तडकली, आणि तो जिथे उभा होता तिथे लाकडाच्या भुशाचा ढीग उरला.

परतल्यावर तिने शिखर बसवले, मग नाव, मग धुके. किल्ल्याबाहेर नदीवर खरे धुके उतरले, आणि त्यातून राजा वज्रसेन पायी चालत आला. त्याने लेकीला पोटाशी धरले. मग चित्राकडे पाहून त्याने चित्रकारांना बोलावले आणि तुकड्यांमधल्या रेघा रंगाने बुजवायची आज्ञा केली.

मेघावती आडवी आली. "महाराज, त्या राहू द्या. हे राज्य कसे मोडले आणि कुणी जोडले, ते येणाऱ्या प्रत्येकाला दिसू द्या."

राजाने आज्ञा मागे घेतली. मग त्याने आपला मुकुट काढून लेकीच्या मस्तकावर ठेवला आणि साऱ्या दरबारासह तो तिच्यापुढे उभा राहिला.