नागशेटाचा गळका हंडा

एका राज्यात, जिथं पाखरं माणसांशी माणसांच्याच बोलीत भांडत, तिथं नागशेट नावाचा तांबट राहत होता. हातोडी धरून मोठा झाला, पण पैसा आला तशी हातोडी खुंटीला गेली आणि शेट गादीवर बसला. माणूस वाईट नव्हता हो. दान करी, पुष्कळ करी. प्रत्येक पाणवठ्यावर त्याचा हंडा, आणि प्रत्येक हंड्यावर ठसठशीत कोरलेलं, 'नागशेट यांजकडून'. राजा अरिंजय दरसाल त्याला भर दरबारात पागोटं बांधी.

आता त्या राज्यातल्या तांबटांची रीत ऐका. विकायच्या हंड्याला जाड पत्रा, दानाच्या हंड्याला पातळ. त्याला नावच होतं, दानाचा पत्रा. त्यात कुणाला लाज वाटत नसे. फुकटचा हंडा बोट लावून कोण बघतो? पण पातळ पत्र्यावर नाव खोल कोरलं की व्हायचं ते होई. हंडा नेमका नावातून गळे.

एके दिवशी डोंगरावरची चेटकीण काळिंदा पाणवठ्यावर आली. जीभ टाळूला चिकटलेली. हंडा उचलला तर रिकामा; पाणी नावातून झिरपून मातीत गेलेलं. ती तडक नागशेटाच्या दारात उभी राहिली.

"हंडा तुझा?"

"माझाच. नाव आहे ना वर."

"नावच आहे. पाणी नाही," काळिंदा म्हणाली. "जसं पाणी तुझ्या नावातून गळतं, तसा तू सगळ्यांच्या ध्यानातून गळशील."

ती गेली. नागशेट हसला, हातपाय धुऊन जेवायला आत गेला. चुलीपुढं त्याची बायको चंद्राऊ बसली होती. तिनं पदर सावरला.

"कोण पाहुणे? ओसरीवर बसा. घरधनी यायचेत."

"अगं, मीच घरधनी."

"परक्या घरात असं बोलू नये," चंद्राऊ म्हणाली. "आमचे घरधनी म्हणजे..." ती थांबली. "कसे दिसतात ते आठवेना बघा. पण आहेत. जोडे आहेत त्यांचे दाराशी."

नागशेट बाहेर धावला. शेजारी ओळखेनात, त्याच्याच नोकरांनी त्याला गादीवरून उठवलं. अंगणात एक साळुंकी तेवढी बोलली. पाखरांना माणसांचे शाप लागत नाहीत.

"काय शेट, आज बाहेर?"

"तू ओळखतेस मला?"

"न ओळखून काय करू? रोज तुमच्या ओसरीवर दाणे टिपते. टाकते तुमची बायको, तुम्ही नव्हे. चला, काळिंदेकडं नेते."

काळिंदा डोंगरमाथ्यावर एक ढग पिळून वाळत घालत होती. तिनं मागं न बघताच सांगितलं, "गुहेत स्मरणाचं पाणी आहे. एक घोट. तो बायकोला पाज, ती ओळखेल. ती ओळखेल तर राज्य ओळखेल. पण तीन कामं करावी लागतील. पहिलं, गुहेच्या वाटेवर तळ्यात जलदैत्य बसलाय, मान आखडलेला. गळ्याशी पाणी, पण त्याला वाकता येत नाही. त्याला पाणी पाज. तुझ्या हंड्यानं."

नागशेटानं पाणवठ्यावरचा आपला हंडा आणला, भरला, आणि तो दैत्याच्या खांद्यावर चढला. तोंडाशी जाईतो हंडा कोरडा. पुन्हा भरला, पुन्हा कोरडा. दैत्यानं डोळे मिटून घेतले.

"नाव सुरेख कोरलंय," साळुंकी म्हणाली. "ते चाटून तहान भागते का विचारा त्याला."

नागशेट खाली उतरला. दूरच्या गावी एका तांबटाच्या दारी गेला, हातोडी मागून घेतली आणि जाड पत्रा घेऊन बसला. हातांना फोड आले, पहिला हंडा वाकडा झाला. मग हात जुन्या वळणावर आला. ठोक्यामागून ठोका पडू लागला, तसं त्याला आठवलं की आपण हे काम शिकलो कशासाठी. कुणाच्या तरी घरी पाणी टिकावं म्हणून.

जलदैत्य त्या नव्या हंड्यातलं पाणी घटाघटा प्याला. त्याची मान सुटली.

"गोड आहे. कुणाचा हा हंडा?"

नागशेटानं तोंड उघडलं, मिटलं. "तुझा," तो म्हणाला.

पुढं गुहा. गुहेच्या दाराला दगडी तोंड होतं, आणि दुसरं काम तेच सांगे. "आत जायचंय? मग सांग, तुझ्या बायकोला काय आवडतं?"

"शालू."

दार हललं नाही.

"पाटल्या. गोठ. कोल्हापुरी साज."

"तू काय काय घेऊन दिलंस ते नाही विचारलं," दार म्हणालं आणि त्यानं जांभई दिली.

नागशेट मान खाली घालून स्वतःच्या घरी परत गेला, परक्यासारखा. "बाई, काही काम मिळेल का?"

"लाकडं फोडा. भाकरी मिळेल," चंद्राऊ म्हणाली.

तो लाकडं फोडत राहिला आणि बघत राहिला. एका दुपारी दूध तापवून, सगळ्यांना वाटून झाल्यावर चंद्राऊ रिकामं पातेलं घेऊन मागल्या दारी बसली आणि शिंपल्यानं बुडाची खरवड काढून खाऊ लागली. डोळे मिटलेले, मुद्रा राणीची. इतकी वर्षं या घरात राहून नागशेट मागल्या दारी कधी गेलाच नव्हता.

"बघता काय पाहुणे?" ती म्हणाली. "घ्या. थोडीच आहे, पण घ्या."

तिनं अर्धी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती कणकण करून खाल्ली.

त्यानं दाराला जाऊन सांगितलं, "दुधाची खरवड. शिंपल्यानं काढलेली, मागल्या दारी बसून." दार बाजूला झालं.

आत सोन्याच्या राशी होत्या. जो त्यांना हात लावी त्याचं नाणं होई. नाण्यांवरचे चेहरे अजून पापण्या मिटत होते. नागशेट मधून चालत गेला आणि पलीकडं ठेवलेली घोटभर पाण्याची वाटी घेऊन बाहेर आला. बाहेर काळिंदा उभी.

"तिसरं काम?"

"पाणी घेऊन घरी जा."

"एवढंच?"

"एवढंच."

वाटेत वडाखाली राजा अरिंजय बसला होता. पागोटं बांधणारा तोच राजा, पण आज त्यानं नागशेटाकडं दगडाकडं बघावं तसं बघितलं. त्यानं म्हाताऱ्या राजमातेचा हात धरला होता, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, "बाबा, मी कुणाची रे?"

"माझी, आई. मी अरू."

"तू नव्हेस. माझा अरू एवढासा आहे."

वैद्य झाले होते, मांत्रिक झाले होते. नागशेट उभा राहिला.

"चला शेट," साळुंकी हळूच म्हणाली. "एकच घोट आहे."

"ठाऊक आहे."

आपलंच माणूस 'कोण पाहुणे' म्हणतं तेव्हा काय होतं, तेही त्याला ठाऊक होतं. त्यानं वाटी राजमातेच्या ओठांना लावली. ती प्याली. राजाकडं वळली.

"अरू, किती वाळलास रे. वेळेवर जेवत नाहीस ना?"

राजा धुळीत बसून लहान मुलासारखा रडला. मग उठून म्हणाला, "आपलं नाव सांगा. राजवाड्याच्या दारावर कोरतो."

"चांगल्या दाराला भोकं पाडू नयेत, महाराज," नागशेट म्हणाला आणि रिकामी वाटी घेऊन घराकडं चालू लागला.

चंद्राऊ उंबऱ्यात उभी होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. पातळ पत्रा, शाप, घोटभर पाणी, आणि ते कुणाला दिलं ते.

"तुम्हाला आठवण द्यायला आता माझ्याकडं काही नाही. पण मी तुमचा नवरा आहे. ओसरीवर राहू द्या, लाकडं फोडत जाईन."

चंद्राऊनं त्याच्या हातातल्या रिकाम्या वाटीकडं पाहिलं. "म्हातारीनं लेकाला ओळखलं?"

"ओळखलं."

"मग बरं केलंत." ती दारातून बाजूला झाली. "ओसरीवर कशाला? आत या. माझा नवरा कसा होता ते मला ठाऊक नाही. पण असा असला तर मला चालेल."

नागशेटानं उंबरा ओलांडला. त्या क्षणी राज्यभर तांब्याचा टणत्कार झाला, हंड्याहंड्यावरचं नाव पुसलं गेलं आणि भोकं बुजली. चंद्राऊनं डोळे मिचकावले, त्याचे हात ओढून उजेडात धरले.

"अहो, हे फोड कसले? आणि इतके दिवस होतात कुठं? बसा तिथं, तूप लावते."

नागशेटाकडून सगळं ऐकून राजानं दवंडी पिटवली, की विकायला आणि द्यायला पत्रा एकच. नागशेट म्हातारा होईस्तोवर हातानं हंडे ठोकत राहिला. कुठल्या पाणवठ्यावर कुणाचा हंडा, हे त्या राज्यात आता कुणी सांगू शकत नाही. पाणी मात्र भरलेलं असतं. ज्याला तहान असेल त्यानं प्यावं, आणि ज्यानं गोष्ट ऐकली त्यानं जाताना हंडा भरून जावं.