नखाएवढे कथील

पूर्वी मेघावती नगरीत राणी सुनेत्रा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शेजारच्या राज्यात कल्हई करणाऱ्याच्या कुळात जन्मला होता. वय झाले होते, तरी भट्टीपुढे त्याचा हात कापत नसे.

कथिलाचा डोंगर एकच, तोही सुनेत्रेच्या राज्यात. तीन राज्यांनी मिळून ठरवले होते, की वर्षाला मोजक्या टोपल्या खणायच्या आणि वाटून घ्यायच्या. म्हणजे नातवंडांनाही पुरेल. पुढे राणीची चार वर्षांची लेक तापाने गेली. तिच्या नावाने तांब्यात कथील मिसळून काशाची प्रचंड घंटा ओतायची म्हणून राणीने तिन्ही राज्यांचे कथील अडवले. दरबारातल्या शहाण्यांनी नेहमीप्रमाणे माना डोलावल्या.

इकडे बोधिसत्त्वाच्या गावात भांड्यांची कल्हई उडाली आणि नवी करायला कथील मिळेना. ताक कळकू लागले, मुले ओकू लागली. त्याची नात मंदिका तर अंथरुणातून उठेना. घरात नखाएवढे कथील उरले होते. तिच्या वाटीला पुरले असते. पण एकच वाटी उजळून शेजारच्या पोरांकडे कोणत्या तोंडाने पाहावे, हे त्याला कळेना. हत्यारांबरोबर तो तुकडाही घेऊन तो राणीकडे कथील मागायला निघाला.

राणी मांडीवर तांब्याची छोटी वाटी घेऊन बसली होती. वाटी आतून हिरवी पडली होती. ते पाहून म्हाताऱ्याचे मागणे ओठातच राहिले.

"लेकीची का? द्या इकडे."

त्याने अंगणात विस्तव केला, वाटी तापवली, नवसागर टाकून कथील फिरवले आणि कापसाच्या बोळ्याने पुसले. वाटी लख्ख झाली. राणीला हुंदका फुटला.

"बाबा, एवढ्याशा कथिलानं झालं?"

"एवढंच लागतं, पोरी."

राणीला पोरी म्हटलेले ऐकून दरबारी चपापले. तिला मात्र बरे वाटले.

"कुठून आणलंत हे?"

"नातीच्या वाटीसाठी ठेवलं होतं. कळकलेलं ताक बाधलंय तिला."

"अहो, मग इथं कशाला घातलंत? माझी लेक आता यातून पिणार आहे का?"

"नाही. पण तू ती मांडीवर घेऊन बसली होतीस."

राणी पोटभर रडली. मग उठून तिने घंटेचा साचा फोडायला सांगितला. कथिलाची पहिली गाडी मंदिकेच्या गावी गेली आणि आठ दिवसांत पोर अंगणात खेळू लागली. त्यानंतर तिन्ही राज्यांत नव्या काशासाठी मोडके कासे आधी वितळवीत, मगच डोंगराला हात लावीत.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध जमलेल्यांना म्हणाले, "तेव्हाची राणी म्हणजे परक्यांच्या लेकरांना जेवू घालणारी ही उपासिका भद्रिका. मंदिका म्हणजे तिच्याजवळ बसलेली भिक्षुणी सुतना. तो म्हातारा मीच. आपल्या माणसासाठी राखलेले शेवटचे किडूकमिडूकही समोरच्या दुःखाला देता येणे, हीच दानपारमिता."